जाळ्याचा बोया शोधणारा दिवा: आचऱ्याच्या पुळणीवरच्या प्रकल्प नोंदी

20 ऑगस्ट 2024

काल नारळी पौर्णिमा झाली. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैलाच संपली, पण आमच्याकडे छोट्या होड्या नारळ सोडल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मामांची होडी 24 फुटी, फायबरची, मागे आउटबोर्ड. संध्याकाळी जाळं टाकायचं आणि पहाटे तीनच्या सुमारास उचलायचं. जाळ्याच्या टोकाला बोया, म्हणजे खुणेचा तरंगता गोळा, बोयात बांबूची काठी, काठीवर बावटा. काळोखात नेमका तो बोयाच सापडत नाही. गेल्या हंगामात दोन वेळा उजाडेपर्यंत थांबावं लागलं आणि एकदा तेवढ्यात ट्रॉलर जाळ्यावरून गेला. त्या जाळ्याचे पैसे अजून फिटलेले नाहीत.

बाजारातला 'दोन किलोमीटर जाणारा' टॉर्च मामांकडे आहे. त्यात 60-70 मीटरवर बोया दिसला तर दिसला. माझं पंप दुरुस्तीचं आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, हत्यारं हाताशी आहेत. म्हणून मामांना शब्द दिला की दिवा मी करून देते. अपेक्षा एवढीच: 100 मीटरवरचा बोया हलत्या होडीतून दिसावा आणि होडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालावा.

जे फसलं तेही इथे लिहिते आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाला तेच पैसे पुन्हा घालायला नकोत.

24 ऑगस्ट

पहिला विचार अगदी सरळ होता. जास्त वॅट, जास्त लांब. 50 वॅटची सीओबी एलईडी (एकाच पट्टीवर बारीक एलईडी दाटीने बसवलेली) आणली, 240 रुपये. तिला 30 व्होल्टच्या वर लागतात, म्हणून 12 व्होल्टवरून चढवणारा ड्रायव्हर घेतला, 380 रुपये. पुढे 90 मिमी व्यासाचं वाचनाचं मोठं भिंग, 350 रुपये.

भिंगाचं नाभीय अंतर उन्हात मोजलं. फळीवर सूर्याचा ठिपका सगळ्यात बारीक झाला तेव्हा अंतर 200 मिमी भरलं आणि ठिपका जेमतेम 2 मिमीचा होता. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून 200 मिमीच्या भिंगाखाली त्याची प्रतिमा तेवढीच येते. हा 2 मिमीचा आकडा वहीत नुसता लिहून ठेवला. त्याचा अर्थ त्या दिवशी लक्षात आला असता तर महिना वाचला असता.

पीव्हीसी पाइपात एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला जुन्या ॲम्प्लिफायरच्या हीटसिंकवर (उष्णता खेचणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर) सीओबी. दुकानात लावला तर समोरची भिंत डोळे दिपतील अशी उजळली.

27 ऑगस्ट

रात्री पुळणीवर चाचणी. 50 मीटरची दोरी मोजून टाकली, टोकाला दोन बांबूंवर पांढरी चादर ताणली. धाकट्या भावाने चादरीपाशी मोबाइलमधलं लक्स, म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप, मोजायचं ॲप धरलं. त्या ॲपचा आकडा खरा मानू नये, पण एकाच फोनने दोन दिव्यांची तुलना करता येते.

50 मीटरवर उजेडाचा चौकोन जवळपास 5 मीटर रुंद. चादर कधीच संपली, उरलेला उजेड मागच्या सुरूच्या झाडांवर. मधोमध फक्त 6 लक्स. बाजारचा टॉर्चही साधारण तेवढाच देत होता.

मामा माझ्या बाजूला उभे होते. म्हणाले, "उजेड मॉप आसा गो, पण बोया खंय?"

उजेड कुठे जातो ते हातात वही घेऊन बसल्यावर कळलं. सीओबीचा पिवळा भाग 20 मिमी रुंद आहे. भिंग त्या पिवळ्या चौकोनाचीच मोठी प्रतिमा लांब फेकतं. हिशेब असा:

ठिपक्याची रुंदी = अंतर × चिपची (म्हणजे उजेड देणाऱ्या भागाची) रुंदी ÷ भिंगाचं नाभीय अंतर

50 मीटर × 20 ÷ 200 = 5 मीटर. चादरीवर दिसलं ते हेच. 100 मीटरवर 10 मीटर. शिवाय चिप सगळ्या दिशांना उजेड टाकते आणि 200 मिमी लांब ठेवलेल्या 90 मिमीच्या भिंगात त्यातला 5 टक्केच जातो. बाकीचा पाइपच्या आतल्या भिंतीवर. 50 वॅट जाळून अडीच वॅटचं काम.

त्या रात्री आणखी एक अडचण झाली. दुसऱ्या वाडीतले तिघेजण धावत आले. पुळणीवर एवढा प्रखर एलईडी दिसला म्हणजे कुणीतरी एलईडी मासेमारीची तयारी करतंय असं त्यांना वाटलं. दिव्याने मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली आणि इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी किती आंदोलनं केली ते मालवण तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यांचा राग रास्तच होता. दिवा हातात देऊन दाखवला, समजावलं, तेव्हा शांत झाले. असं काम करणार असाल तर आधी आजूबाजूच्या होडीवाल्यांना सांगून ठेवा.

30 ऑगस्ट

चिप मोठी पडते तर झाकून लहान करू, असं ठरवलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला 4 मिमीचं भोक पाडून तो सीओबीच्या अगदी तोंडाशी बसवला.

झोत लगेच आवळला. 50 मीटरवर 1 मीटरचा गोल, कडा स्पष्ट. मनाला बरं वाटलं. भावाने आकडा ओरडून सांगितला: 6.

फोन पुसून परत मोजायला लावलं. 6. पत्रा काढला, 6. पत्रा लावला, 6.

मधोमध उभ्या माणसाला भिंगातून चिपचा जो कण दिसतो तो तेवढाच तळपतो, बाजूचे कण झाका नाहीतर उघडे ठेवा. झाकल्याने बाजूचा उजेड गेला, मधे काहीच भर पडली नाही. दहा मिनिटांत पत्रा तापला, जळका वास आला आणि सीओबीचा पिवळा थर भोकाच्या कडेने तपकिरी पडला.

2 सप्टेंबर

सीओबी आणि मोठं भिंग यांच्या मधे एक छोटं भिंग ठेवून चिपची प्रतिमाच निम्मी करून पाहिली. भिंग 120 रुपये. प्रतिमा निम्मी झाली, पण तिथून पुढे उजेड दुप्पट फाकला आणि मोठ्या भिंगाच्या बाहेरून निघून गेला. मधोमध परत तेच, उलट किंचित कमीच. उजेडाचा मोठा उगम भिंगांनी लहान करून जास्त तेजस्वी करता येत नाही. ही खटपट कुणी करू नये.

5 ते 18 सप्टेंबर

गणपती. काम बंद. मुंबईचे सगळे घरी.

20 सप्टेंबर

चुलतभावाने मुंबईहून येताना लहान चिप आणली होती: 10 वॅटची, उजेड देणारा भाग फक्त 2 × 2 मिमी, वर पारदर्शक घुमट. घुमटामुळे ती बाहेरून साधारण 3 मिमीची दिसते, तेव्हा हिशेबाला 3 धरायचे. चिप 210 रुपये, 3 अँपिअरचा ड्रायव्हर 180. होडीच्या बॅटरीतून ती अँपिअरभरसुद्धा ओढत नाही. सीओबी चार-साडेचार ओढायची.

तेच 200 मिमीचं भिंग, तोच पाइप. दुकानाचं शटर ओढून दिवा लावला आणि पाइप मागेपुढे सरकवत गेले. समोरच्या भिंतीवर आधी धूसर गोळा, मग त्याला कोपरे फुटले आणि एकदम लख्ख पिवळसर चौकोन उभा राहिला. त्यात केसाएवढ्या काळ्या रेघा, एका बाजूला दोन ठिपके. चिपच्या अंगावरच्या धातूच्या बारीक रेघा आणि तारा जोडल्याच्या जागा होत्या त्या. डोळ्यांना भिंगाशिवाय न दिसणारी नक्षी भिंतीवर केवढीतरी मोठी झाली होती. मी दिवा बंद करायचं विसरून बघत राहिले. दिवा म्हणजे चिपचं चित्र लांब फेकणारं यंत्र आहे, हे मला त्या भिंतीने शिकवलं.

रात्री पुळणीवर 50 मीटरला 55 लक्स. पाचव्या हिश्श्याच्या वॅटमध्ये नऊपट.

22 सप्टेंबर

पहाटे होडीवर चाचणी. समुद्र मध्यम, चंद्र वर होता.

दिवा बोयाला लागला की बावट्याचा रंगसुद्धा कळत होता. पण लागतच नव्हता. 100 मीटरवर झोत फक्त दीड मीटर रुंद. होडी एका बाजूला जराशी कलली की झोत लाटेवरून आकाशात, परत कलली की नाकासमोरच्या पाण्यात. अर्धा तास मामांनी हातात धरून प्रयत्न केला.

"हो काय, ताटाएवढो उजेड! होडी हलता, तो धरूचो कसो?"

शेवटी जुन्या टॉर्चने शोधला.

घरी येईपर्यंत मी गप्प होते. महिनाभर उगम लहान करायच्या मागे लागले आणि आता तो जास्तच लहान झाला. पुळणीवर दिवा स्टुलावर ठेवला होता, स्टूल हलत नाही.

24 सप्टेंबर

उलटा हिशेब केला. आधी मामांना विचारलं की 100 मीटरवर झोत किती रुंद हवा. त्यांनी अंगणात पावलं टाकून दाखवलं, साधारण 5 मीटर. म्हणजे चिपची रुंदी ÷ नाभीय अंतर = 5 ÷ 100. चिप 3 मिमी धरली तर नाभीय अंतर 60 मिमी.

यात आणखी एक फायदा आहे. मधला प्रखरपणा ठरतो चिपचा एक एक चौरस मिलीमीटर किती तळपतो आणि भिंग किती मोठं आहे यावर. नाभीय अंतर कमी केल्याने तो घटत नाही. उलट भिंग चिपच्या जवळ आल्याने फुकट जाणारा उजेड आत येतो. 3 इंची भिंग 60 मिमीवर ठेवलं तर पाव हिश्श्याच्या वर उजेड पकडला जातो.

वाचनाचं भिंग एवढ्या कमी अंतराचं मिळत नाही आणि मिळालं तरी गोलाकार पृष्ठाचं जाड भिंग कडेचा उजेड भलतीकडे नेतं. झोताला निळी किनार आणि भोवती धूर आल्यासारखं दिसतं. हवं होतं ते कडेला चपटं होत गेलेलं भिंग.

28 सप्टेंबर

मिळालं, कुडाळला भंगारवाल्याकडे. अपघातातल्या गाड्यांचे प्रोजेक्टर हेडलाइट. त्यांच्या पुढे काचेचं जाड भिंग असतं, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, 3 इंच व्यासाचं आणि नेमकं याच कामासाठी घडवलेलं. 100 रुपयाला एक. आतली पत्र्याची चकती आणि रिफ्लेक्टर काढून टाकले, भिंग साबणाच्या पाण्याने धुतलं. घेताना काचेचंच घ्या. प्लॅस्टिकचं पिवळं पडलेलं असतं.

उन्हात मोजलं तर ठिपका सपाट बाजूपासून 48 मिमीवर येतो. भिंग जाड असल्याने हिशेबाचं अंतर काचेच्या आतून धरावं लागतं, ते 60 भरतं.

30 सप्टेंबर

एक संध्याकाळ वाया. भिंग उलटं बसवलं होतं, फुगीर बाजू चिपकडे. कितीही सरकवलं तरी चौकोन साफ येईना, कडेला उजेडाची साय पसरलेली. चिपमध्ये दोष असेल म्हणून तीच तपासत बसले. सपाट बाजू चिपकडे, फुगीर बाहेर. गाडीतही तशीच असते.

आणखी एक गोष्ट. 200 मिमीच्या भिंगाला चिप एक मिलीमीटर इकडेतिकडे झाली तरी चालत होती. 60 ला चालत नाही. एक मिलीमीटर बाजूला सरकली की झोत जवळपास एक अंश वाकडा. चिपच्या पट्टीची भोकं कानशीने लांबट करून, दिवा चालू ठेवून, भिंतीवर बघत स्क्रू आवळले.

3 ऑक्टोबर

काल सर्वपित्री अमावास्या झाली. गच्च काळोख, यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

आधी पुळणीवर: 50 मीटरला अडीच मीटरचा ठिपका, 36 लक्स. आधीच्या 55 पेक्षा कमी, कारण भिंग 90 मिमीऐवजी 3 इंची आणि पाइपच्या कडेने त्यातलंही थोडं झाकलेलं.

मग होडीवर. जीपीएसने जाळ्याच्या आसपास पोचलो, इंजिन बंद केलं. मामांनी दिवा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवला. दुसऱ्या फेरीत पाण्यावर लाल बावटा हलला आणि गेला, परत आला, मग मामांचा हात तिथेच थांबला. होडी डोलत होती तरी बावटा उजेडातच राहत होता.

"गावलो," ते म्हणाले. तेवढंच, आणि दिवा माझ्या हातात देऊन जाळं ओढायला गेले.

परतताना दोऱ्याच्या अंदाजाने अंतर मोजलं, 110 मीटरच्या आसपास होतं.

7 ऑक्टोबर

चिप जळाली, आणि दोष माझा. दिवा वाळूवर ओढलेल्या होडीत फळीवर ठेवला होता, भिंग वर करून. दुपारी गेले तर बंद. उघडून पाहिलं: घुमटावर मोहरीएवढा काळा डाग, खालची तार तुटलेली. जे भिंग चिपचा उजेड लांब नेतं तेच सूर्याचा उजेड चिपवर आणतं. सूर्य अर्ध्या अंशाचा उगम, 60 मिमीच्या भिंगाखाली त्याची प्रतिमा अर्ध्या मिलीमीटरची, आणि 3 इंची भिंगाने गोळा केलेलं सगळं ऊन तेवढ्या जागेत. होडीत पेट्रोलची टाकी शेजारीच होती हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

नवी चिप 210. पाइपाला पीव्हीसीचं टोपण केलं, नायलॉनच्या दोरीने दिव्यालाच बांधलं. काम झालं की टोपण, दिवस असो वा रात्र. हे टोपण नसलेला दिवा मी कुणाला देणार नाही.

12 ऑक्टोबर

आत दव. दुकानात दमट हवेत सिलिकॉन लावून दिवा बंद केला होता, ती हवा आतच कोंडली. पाण्याचे तुषार लागून भिंग गार झालं की आतून वाफ धरायची. उघडला, दोन दुपारी उन्हात वाळवला (चिप काढून आणि टोपण लावून), आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या आणि कडक उन्हाच्या वेळीच बंद केला. तेव्हापासून साफ आहे.

बाहेरून खारं पाणी वाळून भिंगावर पांढुरका थर बसतो तो वेगळा. तो बसला की अख्खं भिंगच उगम होऊन जातं: झोत मवाळ पडतो आणि दिवा धरणाऱ्याच्याच डोळ्यांवर चकाकी येते. चाचणीत एका फेरीतच हे झालं. गोड्या पाण्याची बाटली आणि सुती फडकं होडीत ठेवलं आहे. कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाने काचेला चरे पडतात. झोत मऊ करायला म्हणून बटर पेपर लावू का, असं भावाने विचारलं होतं. तेही त्याच कारणासाठी नको.

20 ऑक्टोबर

बोयाच्या काठीला परावर्तक टेप गुंडाळली, ट्रकच्या मागे लावतात ती. फरक फार मोठा आहे. 100 मीटरवर बावटा दिसण्याऐवजी तिथे दिवाच पेटल्यासारखा वाटतो. ही टेप उजेड आला त्याच दिशेने परत पाठवते, म्हणून दिवा डोळ्यांच्या जवळ हवा. पण अगदी डोळ्यांशी धरला तर समोरचं धुकं आणि तुषार उजळून पडदा उभा राहतो. सहा-सात वेळा बदलून पाहिलं. दिवा डोक्याच्या वर अर्धा मीटर, आडव्या दांड्यावर बसवला तेव्हा पडदा मंद झाला आणि टेपही चमकत राहिली. आता तो कायमचा तिथे आहे, खालून हँडलने फिरतो.

27 ऑक्टोबर

खर्च. आता होडीवर आहे तो दिवा: चिप 210, ड्रायव्हर 180, भिंग 100, हीटसिंकचा तुकडा आणि रंग 150, पीव्हीसी आणि टोपण 140, कल्हईची तार, स्विच, ग्रीस, सिलिकॉन 190. एकूण 970 रुपये. टेप वेगळी.

वाया गेले: सीओबी 240, तिचा ड्रायव्हर 380, वाचनाचं भिंग 350, छोटं भिंग 120, जळालेली चिप 210. एकूण 1,300. वेळ सव्वादोन महिने, गणपती धरून.

साधी तांब्याची तार वापरू नका. पहिल्या जोडणीवर पंधरा दिवसांत हिरवा चिकट थर आला होता. कल्हई केलेली तार, जोडावर सोल्डरचा डाग, वर ग्रीस.

आणखी दोन होड्यांनी असाच दिवा मागितला आहे. तिसरे एकजण मोठ्या होडीवाले, त्यांना 200 मीटरवर 5 मीटरचा झोत हवा. त्यांना मी चिप मोठी देणार नाही. चिप हीच, नाभीय अंतर 120 मिमी आणि भिंग निदान 150 मिमी व्यासाचं लागेल, ते अजून शोधते आहे. दिवाळीनंतर कुडाळला जाईन तेव्हा हेडलाइटची आणखी चार भिंगं आणायची आहेत. भंगारवाल्याला फोन करून ठेवला आहे की काच तडकलेली नको.